तेराचा अर्धा पाना

मित्राने गाडीचं काहीतरी काम काढलं होतं म्हणून माझी हत्यारांची पेटी नेली, आणि परत आणून दिली तेव्हा ती मला ओळखूच आली नाही. पाने मापाप्रमाणे लावलेले, गोट्या, म्हणजे बोल्टावर बसणारी सॉकेट, पुसून आपापल्या खाचेत बसवलेल्या, तळाशी वर्षानुवर्षं साठलेला ग्रीस आणि लोखंडाच्या किसाचा थर रॉकेलने धुऊन काढलेला. इतकं कोण कुणासाठी करतं? मी भारावून काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "त्यात एक तुटका पाना होता रे, तेराचा. अर्धाच, तोही वाकडातिकडा. तो टाकला भंगारात." एवढं बोलून तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला. मी "बरं केलंस" म्हणालो. त्याच्या नखांमध्ये अजून काळं होतं. दुसरं काय म्हणणार?

तो तेरा मिलिमीटरचा पाना तुटलेला नव्हता, तोडलेला होता. माझ्या जुन्या गाडीच्या स्टार्टर मोटरचा वरचा बोल्ट इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, एका ब्रॅकेटच्या आणि पाण्याच्या पाइपच्या आड होता. वरून दिसत नाही, खालून हात जातो पण डोळा जात नाही. अख्खा रिंग पाना त्यावर चढायचा तर दांडा पाइपला अडणार. गोटी घातली तर मागे ती फिरवायच्या रॅचेटला जागा नाही. शेवटी एका जुन्या पान्याचा दांडा तळहाताएवढा ठेवून कापला, मान तापवून वाकवली, आणि रिंगची बाहेरची कड ग्राइंडरवर धरून जेमतेम उरेल इतकी पातळ केली. षटकोनी डोक्याचा बोल्ट दर ६० अंशांनी पुन्हा स्वतःसारखा दिसतो. बारा कोनांची रिंग असली की ३० अंश फिरवलं तरी पुढचा घास घेता येतो. तिथे फिरायला जागा होती ती ३० अंशांच्या किंचित वर. म्हणजे फिरव, काढ, लाव, फिरव. गालाला इंजिनाचा गार धातू लागलेला, खांद्याखाली काँक्रीट, आणि कानाला एकच आवाज, रिंग डोक्यावर बसल्याचा छोटासा टिक्.

मित्रावर रागावता येईना, कारण तो चुकला नव्हता. कुणीही तो तुकडा बघून भंगारच म्हणालं असतं. बाजारातला तेराचा पाना कुठेही तेराचाच असतो. हा फक्त एका गाडीच्या एका बोल्टासाठी तेराचा होता, बाकी सगळीकडे निरुपयोगी. इंजिनाच्या मागच्या त्या अंधाऱ्या पोकळीत काहीतरी ओतून, घट्ट झाल्यावर बाहेर काढावं, तसा त्याचा आकार होता. आणि ती गाडीही आता माझ्याकडे नाही. म्हणजे हिशेबाने बघितलं तर गेलं काय? पाव किलोसुद्धा नसेल इतकं लोखंड.

आणि तरीही ते मनातून जाईना.

हत्यार करायला घेण्याआधी एक वेळ अशी येते की त्यात काहीच होत नाही. गाडी स्टँडवर, चाक काढलेलं, आपण खाली उताणे. जे होतं ते सगळं वापरून झालेलं असतं. मग माणूस धडपड सोडतो आणि बघायला लागतो. माझ्या मते खरं काम तिथे सुरू होतं. आरसा घालून बघायचं, मोबाइल आत सरकवून फोटो काढायचा, पण शेवटी भरवसा बोटांचा. मधलं बोट बोल्टावर, अंगठा कुठे अडतो ते मनात टिपायचं, आणि हात तसाच वाकडा ठेवून बाहेर काढायचा. पुठ्ठा कापून आत घालून बघायचा, कुठे दुमडतो ते पाहून पुन्हा कापायचा. पुठ्ठ्यावर तेलाचे ठसे उमटतात ते पेन्सिलीच्या खुणांपेक्षा खरे असतात. हे करता करता त्या जागेशी इतकी ओळख होते की कुठला पाइप कुठून कुठे जातो, कंपनीने ब्रॅकेट तिथेच का ठेवला असेल, बोल्ट आधी बसवून मग वरून मॅनिफोल्ड चढवला असणार, हे कुणी न सांगता कळायला लागतं. गाडी बांधणाऱ्या माणसाला हा बोल्ट उघडाच होता. अडचण आपल्याच वाट्याला आलेली आहे.

लोखंड तापवायचं म्हणजे पुन्हा वेगळीच गंमत. चकचकीत पान्यावरचा मुलामा आधी घासून काढायचा, तापल्यावर त्याचा धूर नाकात गेलेला चांगला नाही. मग गॅसची ज्योत मानेवर धरली की आधी घासलेल्या पांढऱ्या जागेवर फिकट पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि साधारण ३०० अंश सेल्सियसला तो सुंदर निळा. हे रंग म्हणजे धातूवर चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा, आणि जुने लोहार तापमापक नसताना यांच्याच भरवशावर छिन्नीचं पाणी उतरवायचे, म्हणजे तिचा जास्तीचा कडकपणा कमी करायचे. जुनी कानस घेऊन तिचं खरवडायचं पातं करायचं असेल तर ती पेंढ्याच्या रंगावर थांबवायची, साधारण २२० ते २३० अंश. धार टिकते आणि पातं काचेसारखं फुटत नाही. वाकवायचं असेल तर मात्र निळ्याच्या पुष्कळ पुढे, लाल होईपर्यंत जावं लागतं. ज्या क्षणी ते चिमट्यात मऊ होतं, तेव्हाचं हाताला येणारं ते सुख सांगता येण्यासारखं नाही. त्याबरोबर पान्याचा मूळ कडकपणाही जातो, हे कबूल करूनच वाकवायचं. अशा पान्याला पाइप लावून लोंबकळायचं नसतं.

हे सगळं मी ज्यांच्याकडे बघून शिकलो त्या उस्तादांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. ते शिकवत नसत. शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसायचो आणि ते मला हाकलत नसत, एवढाच आमचा गुरुशिष्य संबंध. भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर खिळ्यांना लटकवलेली नावं नसलेली हत्यारं. वाकवलेल्या सळ्या, एका टोकाला नट वेल्ड केलेले पाइप, सायकलच्या चेनचा तुकडा आणि दांडा जोडून केलेला ऑइल फिल्टरचा पाना, कापलेल्या गोट्या. मी विचारलं, "उस्ताद, हे कशाचं?" तर ते फळीकडे न बघता एखाद्या गाडीचं नाव घ्यायचे. बस्स, उत्तर संपलं.

त्यांची एक करामत मात्र मी आजतागायत विसरलो नाही. गिअरबॉक्स उतरवला होता आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकातल्या भोकात बसलेली पितळी रंगाची छोटी पायलट बुश, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारी नळकांडी, काढायची होती. ती खोल, आंधळ्या भोकात घट्ट ठोकलेली. मागून ढकलायला वाट नाही, पुढून पकडायला काठ नाही. त्यासाठी ओढून काढायचं वेगळं हत्यार, पुलर, मिळतो, त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी बोटाने त्या भोकात ग्रीस भरायला सुरुवात केली, काठोकाठ. मला वाटलं वंगण देताहेत. मग बुशच्या भोकात नेमका बसेल असा जुन्या शाफ्टचा तुकडा घेतला, टोक ग्रीसवर टेकवलं, मला डोळे मिटून मागे हो म्हणाले, आणि हातोडीचा एक ठोका दिला. मग तुकडा काढून आणखी ग्रीस, आणखी ठोका. आपण आत ठोकतोय आणि बुश बाहेर येतेय! दर ठोक्याला केसभर पुढे. शेवटी ती ग्रीसने माखलेली त्यांच्या तळहातावर पडली तेव्हा मी ती उलटसुलट करून बघितली, जणू तिच्यातच काही युक्ती असावी.

पास्कलचा नियम मी तेव्हा पाठ केलेला होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, गुण मिळाले, विषय संपला. ग्रीस दबत नाही, त्याला जायला दुसरी जागा नाही, म्हणून ते बुशच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर लोटतं, आणि तो शाफ्टचा तुकडा म्हणजे पिस्टन झाला, हे जुळवायला मला नंतर बराच काळ लागला. बुशच्या जागी सुईसारख्या रोलरांचं बेअरिंग असेल तर ग्रीस फटींतून निसटतं. तिथे ओल्या कागदाचे बोळे ठासतात, तत्त्व तेच. उस्तादांना पास्कल माहीत होता का? मला वाटतं, पास्कललाच उस्ताद भेटायला हवे होते.

अशीच त्यांची एक रबरी नळी होती, वीतभर. स्पार्क प्लग बसवताना तो थेट पान्याने आवळायचा नाही. नळी प्लगच्या मागच्या टोकावर चढवायची आणि दोन बोटांत धरून नळीनेच प्लग आत फिरवायचा. आटे सरळ लागले तर प्लग लोण्यासारखा आत जातो. तिरके लागले तर नळीच प्लगवर घसरते, जोर पुढे जातच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर केवढा खर्च आणि केवढा मनस्ताप, हे ज्याने भोगलंय त्याला त्या नळीची किंमत कळेल. हत्यार म्हणजे जोर वाढवणारी वस्तू, असं आपण धरून चालतो. ही नळी मुद्दाम जोर कमी करणारी.

मोटारीच्या अगदी पहिल्या लांबच्या प्रवासातही हेच झालेलं आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी हॅटची पिन घालून ती मोकळी केली, आणि तारेचं आवरण झिजलं तिथे पायमोजाचा गार्टर गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यांवर चामडं मारून घेतलं. गॅरेज नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच, त्यामुळे लागेल ते अंगावरच शोधावं लागलं. पुढे दुकानांत आलेली पुष्कळशी हत्यारंही अशाच कुणाच्या तरी वैतागातून आलीत. लॉक होणारी पक्कड, जिच्याशिवाय गंजलेला बोल्ट काढणं अवघड, ती विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने काम करताना वस्तू धरून ठेवायला केली आणि १९२४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मला स्वतःला याचा पडताळा आला तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वेळी. सेन्सरच्या शेपटाला तार असते, म्हणून साधी गोटी त्यावर चढत नाही. मी २२ ची जुनी खोल गोटी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून कटिंग डिस्कने तिला उभी फट पाडली, तार फटीतून बाहेर, काम झालं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे दुकानात तीच गोटी तयार टांगलेली दिसली. तशीच उभी फट, कडा तेवढ्या गुळगुळीत. थोडा हिरमोड झाला. मग बरंही वाटलं.

तरी माझं सगळ्यात लाडकं हत्यार फट पाडलेल्या गोटीपेक्षाही साधं आहे. एक लांब बोल्ट, नट, जाड वायसर आणि दोन गोट्या. सस्पेन्शनच्या आर्ममधली रबरी बुश बदलायची असते तेव्हा हायड्रॉलिक प्रेस लागतो असं पुस्तकात असतं. पण एका बाजूला बुश मावेल एवढी मोठी गोटी, दुसऱ्या बाजूला बुशच्या कडेवर टेकेल अशी लहान गोटी, मधून बोल्ट, आणि नट आवळत जायचं. यातला बारकावा असा की आवळताना लावलेल्या जोरातला साधारण नऊ दशांश भाग घर्षणातच जातो, आट्यांत आणि नटाखाली. म्हणून आट्यांना ग्रीस आणि नटाखाली दाब घेत फिरणारं जुनं थ्रस्ट बेअरिंग. तेवढ्याने तोच पाना निम्म्या त्रासात फिरतो. दुसरं, बोल्टाऐवजी वापरायला दुकानात मिळणारी साधी आट्यांची सळई बहुतेक ४.६ किंवा ४.८ दर्जाची असते, म्हणजे साधारण ४०० मेगापास्कल ताणाला तुटणारी. ८.८ चा बोल्ट त्याच्या दुप्पट सोसतो. साध्या सळईचे आटे अशा कामात आधी ताणले जातात, मग नट जागीच चावतो, आणि मग ना पुढे ना मागे. सगळं नीट जमलं की बराच वेळ काहीच होत नाही, फक्त पाना जड जड होत जातो, रबर कण्हतं, आणि अचानक टक्क! गंजाची लाल भुकटी तोंडावर. तो आवाज बोल्ट तुटल्याचा की बुश हलल्याचा, हे कळायला जो अर्धा क्षण लागतो, त्यात भले भले मेकॅनिक श्वास धरून असतात.

पण काही गोष्टी मी करत नाही, कुणी केलेल्या वापरतही नाही. कॉइल स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर त्यातला पहिला. समजा स्प्रिंग दर मिलिमीटरला २५ न्यूटन मागते आणि ती १२० मिलिमीटर दाबून ठेवलीय. म्हणजे ३००० न्यूटन, जवळजवळ ३०० किलोंचा जोर, आणि आत साठलेली ऊर्जा १८० ज्यूल. अठरा किलोंचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढी. ती तुमच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर, कुणीतरी घरी वेल्ड केलेल्या आकड्यावर तोललेली. सळया वाकवून केलेले असे कंप्रेसर लोक कौतुकाने दाखवतात तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटत नाही, त्यांच्या घरच्यांची काळजी वाटते. गाडीखालचे स्टँड दुसरे. काँक्रीटचे ठोकळे तर कधीच नाही. ते दाब सोसतात, पण एका कोपऱ्यावर भार आला की सूचना न देता फुटतात. एअरबॅगच्या तारांना घरगुती टेस्ट लॅम्प लावणं तिसरं. त्या दिव्यातून जाणारा करंट एअरबॅग उडवायला पुरू शकतो. आता विजेवरच्या गाड्यांत केशरी आवरणाच्या जाड तारा आल्यात, त्यांच्या जवळ जायचं तर १००० व्होल्टपर्यंत प्रमाणित केलेली इन्सुलेटेड हत्यारंच हवीत. नेहमीच्या पान्याला चिकटपट्टी गुंडाळून तो इन्सुलेटेड होत नाही. इथे हौस चालत नाही. मोडलं तर फक्त काम अडेल, असंच हत्यार घरी करावं.

मग करायचंच कशाला, असं मित्र विचारतो, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. पैसे वाचतात म्हणावं तर माझी जी दुपार जाते तिचा हिशेब कुणी धरत नाही. वेळ वाचतो म्हणावं तर हसू येईल. खरं कारण बरेचदा एवढंच असतं की गाडी उघडून पडलेली असते, ती चालवत दुकानात जाता येत नाही, आणि पुरतं अंधारायला तासभर उरलेला असतो. पण हे झालं पहिल्या वेळचं कारण. नंतर नंतर मी सोय असतानाही करायला लागलो, यात थोडा अहंकार आहे हे मला कळतं. विकत आणलेला पुलर वापरून काम झालं तर काम झालं एवढंच. स्वतः केलेल्या तुकड्याने झालं की मी उगाच दोन-चार लोकांना सांगतो. जे सांगतात की त्यांना नुसता कामाशी मतलब आहे, त्यांच्याही पेटीच्या तळाशी एखादा कापलेला पाना सापडतोच.

गाडी विकताना या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न कुणी गंभीरपणे घेत नाही. जुनी गाडी गेली तेव्हा अर्धा पाना पेटीच्या तळाशी होता म्हणून राहिला, पण क्रँक पुली, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली, धरायची पट्टी मी घेणाऱ्याला देऊन टाकली. सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, जवळजवळ हातभर लांब. एका टोकाला गोटी आरपार जाईल एवढं मोठं भोक, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान भोकं, पुलीतल्या आट्यांशी जुळणारी. पुलीचा बोल्ट २०० न्यूटन मीटरने आवळलेला असेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर ४० किलोंचा जोर लागतो, आणि तेवढा लावला की अख्खं इंजिनच फिरायला लागतं. पट्टी पुलीला बोल्टने जोडून तिचं दुसरं टोक खाली टेकवलं की इंजिन हलत नाही. काहीजण पाना अडकवून स्टार्टरचा झटका देऊन तो बोल्ट सैल करतात. मी तेव्हा गाडीपासून लांब उभा राहतो.

घेणारे गृहस्थ सभ्य होते. कागदपत्रांवर सह्या झाल्यावर मी पट्टी पुढे केली आणि बोनेट उघडून, वाकून, ती कुठे बसते ते दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी काय, गॅरेजलाच देतो गाडी." तरी नको म्हणवेना म्हणून पट्टी डिकीत जॅकशेजारी टाकली. मला वाटलं, पहिल्याच साफसफाईत ती जाणार, आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मित्राने पेटी परत केली त्यानंतर काही दिवसांनी गाडी घेणाऱ्या त्या गृहस्थांचा फोन आला. गाडी टायमिंग बेल्टच्या कामाला लावली होती, आणि त्यासाठी ती पुली काढायची होती. मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, एअर कॉम्प्रेसर चालू होता, आणि ते ओरडून विचारत होते, "अहो, त्या पट्टीचा एक बोल्ट सापडत नाहीये. मेकॅनिक विचारतोय, साइज काय?"

"एम ८," मी तेवढ्याच मोठ्याने सांगितलं. "तीस मिलिमीटर लांब. आणि खाली वायसर घाला म्हणावं, नाहीतर आत बेल्ट कव्हरला टेकतो."

"थांबा," ते म्हणाले, "त्यालाच देतो फोन."